पस्तिसाव्या हिश्शाचा रणगाडा

मागच्या महिन्यात आमच्या घरी एक रणगाडा आला. रिक्षातून आला आणि पुढचे चार दिवस जेवणाचे टेबल अडवून बसला. आमच्या जावयांनी परदेशातून येताना नातवासाठी आणलेला तो खेळ. खेळ म्हणावा, तर किल्ली देऊन तो पळवता येत नाही. खरे तर डब्यात रणगाडा नसतोच. असतात ते रणगाड्याचे सुटे भाग. ते आपण कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. मग कुठे रणगाडा तयार होतो. याला प्लॅस्टिकचे स्केल मॉडेल म्हणतात.

मी उत्साहाने कात्री शोधू लागलो, तर नातवाने माझा हात धरला. म्हणाला, "नाना, थांबा. आज जोडायचं नाही. आज नुसतं बघायचं."

दहा वर्षांच्या मुलाच्या तोंडी हा संयम ऐकून मला नवल वाटले. नंतर कळले, की या छंदातली ती रीतच आहे. नवा डबा उघडला, की हौशी माणूस लगेच हत्यार लावत नाही. आधी एकेक भाग उजेडात धरून पाहतो, मोजतो, नकाशाशी ताडून बघतो. बैलबाजारात गेलेला शेतकरी जसा आधी दात, खांदा, खूर पाहतो आणि मगच किमतीची गोष्ट काढतो, तसेच हे. त्या नुसत्या पाहण्याची हकिकत आज सांगायची आहे. त्या पाहण्यात मला माझ्या शाळेतली एक जुनी जीप सापडली, म्हणून सांगायची आहे.

डब्यावर रंगीत चित्र होते. धुळीतून पुढे झेपावणारा हिरवा रणगाडा, वर उघड्या झाकणातून डोकावणारा सैनिक, खाली इंग्रजीत नाव : एम-४८ ए-३ पॅटन. डबा बनवणाऱ्या कंपनीचे नाव मी सांगत नाही. आकाशवाणीवर जाहिरात चालत नाही. पण पॅटन हे नाव वाचले आणि मी जरा थबकलो. माझ्या वयाच्या कोणाही मराठी माणसाला, आणि त्यातही मुसलमान घरातल्या माणसाला, हे नाव परके नाही. ते का, ते पुढे सांगतो. आधी डबा तर उघडू.

आत पारदर्शक पिशव्या होत्या. त्यांत हिरव्या प्लॅस्टिकच्या चौकटी. प्रत्येक चौकटीला फांद्यांसारख्या बारीक काड्या आणि त्या काड्यांना फळे लागावीत तसे भाग लटकलेले. कुठे चाके, कुठे हूक, कुठे दिव्याची जाळी, कुठे फावडे. पॅटनला प्रत्येक बाजूला जमिनीवर टेकणारी सहा चाके असतात आणि प्रत्येक चाक जोडचाक असते. म्हणजे दोन्ही बाजूंची मिळून २४ चाके. ती एकेक कापून त्यांच्या कडा घासायच्या. नातवाने मोजली, आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच कामाची जाणीव उमटली.

या फांद्या कशासाठी, असा प्रश्न मला पडला होता. उत्तर कारखान्यात आहे. हे प्लॅस्टिक पॉलिस्टायरिन नावाचे. त्याचे दाणे साधारण दोनशे अंश सेल्सिअसच्या उष्णतेने वितळवतात आणि तो रस प्रचंड दाबाने पोलादी साच्यात शिरवतात. शेताला पाणी द्यायला पाट काढावेत, तशा साच्यात बारीक नाल्या कोरलेल्या असतात. मुख्य पाटातून पोटपाटात, पोटपाटातून वाफ्यात. वाफा म्हणजे चाक, हूक, फावडे. रस थंड झाला, की पाटातले पाणीही घट्ट होते. तीच ही फांदी. भाग वापरायचा आणि फांदी फेकून द्यायची.

साच्याची आणखी एक अट असते. त्याचे दोन अर्धे उघडले, की आतला भाग अडकता कामा नये. म्हणून आत वळलेली वस्तू एका तुकड्यात सहसा करता येत नाही. तिचे दोन तुकडे करावे लागतात. आमच्या पॅटनचा बुरूज, म्हणजे तोफ बसवलेला वरचा फिरता भाग, खालचा-वरचा असा दोन तुकड्यांत होता. तोफेची नळीही उभी चिरल्यासारखी दोन अर्ध्यांत. जिथे साच्याचे दोन अर्धे भेटतात तिथे भागावर केसासारखी रेघ राहते. ती घासून काढणे हे या छंदातले पहिले शिक्षण. घाई करणाऱ्याच्या रणगाड्यावर ती रेघ जन्मभर दिसते.

डिंकाचीही गंमत आहे. आपण कागद चिकटवतो तेव्हा मध्ये डिंकाचा थर राहतो. इथले द्रावण तसे नसते. ते प्लॅस्टिकलाच किंचित विरघळवते. दोन्ही कडा मऊ होतात, एकमेकींत मिसळतात, द्रावण उडून जाते आणि सांधा एकजीव होतो. मनाजोगा सांधा जमला, तर पुढे तो सुटत नाही. चुकीचा जमला तरी सुटत नाही.

आता मापाकडे वळू. डब्यावर १:३५ असे लिहिले होते. म्हणजे खऱ्या रणगाड्याचे ३५ सेंटिमीटर ते इथले १ सेंटिमीटर. पन्नास नाही, पंचवीस नाही, हा ३५ आकडा आला कोठून? इथे मात्र एका कंपनीचे नाव इतिहासासाठी घ्यावे लागेल. जपानमधील शिझुओका शहर १९४५ च्या जूनमध्ये अमेरिकी विमानांच्या बॉम्बफेकीत जळाले. त्याच शहरात पुढच्या वर्षी, १९४६ साली, योशिओ तामिया यांनी लाकडाचा व्यवसाय सुरू केला. त्यातून लाकडी खेळण्यांकडे आणि १९६० च्या सुमारास प्लॅस्टिककडे ते वळले. त्यानंतर एक-दोन वर्षांत त्यांचा पहिला रणगाडा निघाला, जर्मनीचा पँथर. तेव्हाचे मॉडेल मोटारीवर चालत असे. योशिओंचे चिरंजीव शुनसाकु तामिया यांनीच पुढे सांगितले, की आत मोटार आणि बॅटरीचे सेल मावले पाहिजेत, या हिशेबाने रणगाड्याचा आकार ठरला. नंतर मोजून पाहिले, तर ते प्रमाण पस्तिसास एक भरले. पुढे जगभरच्या कंपन्यांनी तेच माप उचलले. म्हणजे साऱ्या जगाचे चिमुकले रणगाडे आज ज्या मापाने बनतात, ते बॅटरीच्या सेलांनी ठरवले! शुनसाकुंचे २०२५ साली वयाच्या नव्वदाव्या वर्षी निधन झाले. तरुणपणी ते अमेरिकेतील अ‍ॅबर्डीनच्या लष्करी संग्रहालयात जाऊन रणगाड्यांची मापे आणि छायाचित्रे घेऊन आले होते. शत्रूच्या विमानांनी जाळलेल्या शहरातला माणूस, त्याच देशात जाऊन, रणगाड्याची चाके मोजतो आहे. हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

मापावरून आठवले. आपण रणगाडा म्हणतो, इंग्रजीत टँक. या शब्दाचा प्रवास मराठी माणसाने ऐकण्यासारखा आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये हे यंत्र गुप्तपणे तयार होत होते. बाहेर सुगावा लागू नये, म्हणून ही पाण्याची टाकी आहे, असे सांगितले गेले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत ते प्रथम उतरले आणि टँक हेच नाव कायम झाले. पण पाणी साठवण्याच्या अर्थाचा हा टँक इंग्रजीत कोठून गेला? शब्दकोशकार त्याचे मूळ गुजराती-मराठीतल्या टांकी, टाके या शब्दांत दाखवतात. पोर्तुगीज शब्दाचीही त्यात भर पडली असावी, असे म्हणतात. म्हणजे हरिश्चंद्रगडावर चढून दमल्यावर आपण ज्या खडकातल्या टाक्याचे गार पाणी पितो, त्या टाक्याचा हा दूरचा नातलग. तहान भागवणारा शब्द विलायतेला गेला आणि तोफ घेऊन परत आला. शब्दांचे असेच असते. त्यांना कोण कोठे कामाला लावील, सांगता येत नाही.

आमच्या नगरकरांना, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकरांना, रणगाड्याचे अप्रूप तसे कमीच. भारतीय सैन्याच्या चिलखती दलाचे केंद्र स्वातंत्र्यानंतर लगेच येथे आले. खारे कर्जुन्याच्या सरावक्षेत्रातला तोफांचा आवाज लहानपणी ऐकतच आम्ही गृहपाठ केला. १९९४ साली येथे रणगाड्यांचे संग्रहालय उघडले. ब्रिटनचे मटिल्डा, व्हॅलेंटाईन आणि चर्चिल, जपानी बनावटीचे छोटे रणगाडे, आपला विजयंता आणि पाकिस्तानकडून घेतलेले पॅटन असे सगळे तिथे झाडांच्या सोबतीने उभे आहेत. मी नातवाला तिथे घेऊन गेलो आहे. पण खऱ्या पॅटनपुढे उभे राहून जे कळले नव्हते, ते त्याच्या पस्तिसाव्या हिश्शाने टेबलावर कळले.

आता शाळेतल्या जीपकडे येतो. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी देशभक्तीचा एक प्रवेश असे आणि त्यात 'वीर अब्दुल हमीद' असे. सातवीपासून दहावीपर्यंत चारही वर्षे अब्दुल हमीद मीच होतो. का, हे सांगायला नको. वर्गात त्या प्रकारचे नाव माझे एकट्याचे होते. गुरुजी प्रेमाने करायचे. "तूच शोभतोस रे," म्हणायचे. मला अभिमान वाटे. घरी अम्मी खाकी शर्टाला इस्त्री करून देई. जीप म्हणजे दोन बाकडी आणि त्यांवर रंगवलेला पुठ्ठा. रणगाडा म्हणजे फळांची खोकी आणि पोती. तो ओढायला आत माझा एक मित्र वाकून बसे. मी तोंडाने धडाम् म्हणायचो, मित्र आतून फटाकडी लावायचा, टाळ्या पडायच्या. चौथ्या वर्षी मी गुरुजींना म्हणालो, "सर, या वेळी मला तानाजी करा ना." गुरुजी हसले आणि म्हणाले, "अरे, मग हमीद कोण होणार?" त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. मी हमीद झालो. पण त्या वर्षी टाळ्या वेगळ्या ऐकू आल्या.

तो दंश खरा सांगायचा तर पुढे कितीतरी वर्षे राहिला, आणि त्याचा राग नकळत हमीद या नावावर निघाला. ते नाव निघाले, की मी विषय बदलत असे. कोणी तरी माझ्या हातात माझे प्रमाणपत्र म्हणून ते ठेवते आहे, असे वाटे. त्या गडबडीत त्या माणसाकडे मी कधी नीट पाहिलेच नव्हते.

तर टेबलावर डब्यातले भाग पसरलेले होते. पट्टी हाती होती. मी रणगाड्याच्या धडाची रुंदी मोजली, कडेच्या पट्ट्यांची जागा धरली. साडेदहा सेंटिमीटरांच्या जवळपास. खरा पॅटन साडेतीन मीटरांहून अधिक रुंद असतो. त्यावरून मला सुचले, की त्याच मापात जीप केवढी होईल? त्या काळची आपल्या सैन्यातली जीप लांबीला सुमारे सव्वातीन मीटर. पस्तिसाने भागले, तर जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर. मी जुन्या लग्नपत्रिकेच्या कागदाची तेवढी जीप कापली आणि रणगाड्यापुढे आडवी ठेवली.

जीपची लांबी रणगाड्याच्या रुंदीपेक्षा कमी होती. पॅटन छातीवर येऊन उभा राहिला, तर आख्खी जीप त्याच्या पोटाखाली आडवी मावेल.

शाळेच्या रंगमंचावर आमची जीप आणि आमचा रणगाडा एकाच उंचीचे होते. पुठ्ठ्याला माप नसते. मी मात्र तो प्रवेश चार वर्षे करूनही जीप आणि रणगाडा शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते. जीप साधारण टनभर वजनाची, तर पॅटन पंचेचाळीस टनांच्या घरातला. जीपला चिलखत नाही, छप्पर नाही. पॅटनच्या पुढच्या अंगाचे पोलाद दहा सेंटिमीटरांहून जाड. जीपवर १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ, म्हणजे जिचा धक्का मागे ज्वाळा सोडून शमतो अशी. ती एकदा डागली, की मागे उडणारा जाळ आणि धूळ शत्रूला तुमची जागा सांगते. म्हणून गोळा सुटला, की तिथून लगेच हलायचे आणि दुसरीकडून नेम धरायचा.

१९६५ च्या सप्टेंबरमध्ये पंजाबात खेमकरण भागात हे घडले. चौथ्या ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद, उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूरचे, घरी वडिलांचा शिवणकामाचा धंदा. १० सप्टेंबर रोजी चीमा गावाजवळ त्यांनी अशाच जीपवरून पॅटनवर पॅटन टिपले आणि तिथेच ते पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. वय होते ३२. असल उत्तरच्या त्या लढाईत पाकिस्तानने शंभराच्या आसपास रणगाडे गमावले. त्याला कारणे पुष्कळ होती : शेतांत सोडलेले पाणी, चिखलात रुतलेले पट्टे, उसाच्या आड दबा धरून बसलेले आपले सेंच्युरियन आणि शर्मन. पण त्या कारणांत एक कारण साडेनऊ सेंटिमीटरांचे होते. मला ते वयाच्या पन्नाशीनंतर, लग्नपत्रिकेच्या कागदावर दिसले. हा माणूस कोणाचेही प्रमाणपत्र नव्हता. तो स्वतःच्या मापाचा होता आणि ते माप फार मोठे होते.

अचूक बोलायचे, तर डब्यातला रणगाडा खेमकरणचा नव्हेच. ए-३ हा डिझेल इंजिनाचा सुधारित प्रकार, अमेरिकेने व्हिएतनाममध्ये वापरलेला. पाकिस्तानला अमेरिकेकडून मिळालेले पॅटन आधीचे, पेट्रोलवर चालणारे. घराणे एक, भाऊ निराळे. या छंदातली माणसे असा फरक फार मनावर घेतात, आणि मला वाटते ते योग्यच आहे. इतिहासाशी प्रामाणिक राहायचे, तर आधी इंजिनाशी प्रामाणिक राहिले पाहिजे.

पाहणी संपत आली तेव्हा नातवाने बुरुजाचे दोन अर्धे न चिकटवता नुसते जुळवून धरले. बाहेरून काय नजाकत! ओतीव पोलादाचा खडबडीतपणा, पकडायच्या कड्या, झाकणाच्या बिजागऱ्या. कासवाच्या पाठीसारखा गोल घाट. मी झाकणाच्या भोकातून आत डोळा लावला. आत काही नव्हते. बसायची जागा नाही, दुर्बीण नाही, गोळे नाहीत. गुळगुळीत हिरवे प्लॅस्टिक आणि साच्यातून भाग ढकलून काढणाऱ्या खिळ्यांचे गोल ठसे. बहुतेक मॉडेलांत असेच असते, कारण झाकण लावल्यावर आतले कोणाला दिसत नाही.

खऱ्या पॅटनमध्ये चार माणसे असतात. कमांडर, तोफ चालवणारा, गोळा भरणारा आणि पुढे चालक. पस्तिसाव्या हिश्शात माणूस पाच सेंटिमीटरांपेक्षा किंचित कमी भरतो, माझ्या करंगळीएवढा. पेट्रोलवरचा रणगाडा पेटला, तर त्या चौघांचे काय होते, हे सांगायला नको. शाळेतल्या खोक्यांच्या रणगाड्यात निदान माझा मित्र तरी होता. फटाकडी लावून तो खोकत बाहेर यायचा आणि आम्ही दोघे मिळून चहा प्यायचो. टाळ्या मला मिळायच्या, धूर त्याला मिळायचा. हमीदांच्या शौर्याला यामुळे रतिभरही उणेपणा येत नाही. उलट, समोरच्या पोलादात माणसे आहेत हे जाणणाऱ्यालाच युद्ध म्हणजे काय ते कळते. खेळण्यात ते कळत नाही. त्यासाठी झाकण उघडून आत पाहावे लागते.

आम्ही सगळे भाग परत पिशव्यांत भरले. नातवाने वहीत नोंद केली : काही तुटलेले नाही, काही कमी नाही, चाके २४. मग कागदी जीप उचलून विचारले, "नाना, ही कुणाची?"

मी त्याला सगळी हकिकत सांगितली, हमीदांची आणि माझीही. त्याने ती लक्ष देऊन ऐकली. म्हणाला, "मग जीपपण बनवू या. नीट मापात." बाजारात त्या मापाची जीपही मिळते म्हणतात. पण आम्ही ठरवले, की जीप आपणच कागदाची करायची आणि रणगाड्याचे वरचे झाकण चिकटवायचे नाही, उघडे ठेवायचे.

डिसेंबरात त्याच्या शाळेचे संमेलन आहे. या वर्षी काय होणार, असे मी त्याला विचारले. त्याला अजून ठरवायचे आहे. त्याने हमीद व्हायचे म्हटले, तर मी खाकी शर्टाला स्वतः इस्त्री करून देईन. तानाजी व्हायचे म्हटले, तर फेटा बांधून देईन. आणि रणगाड्याच्या आत बसायचे म्हटले, तर शो संपल्यावर त्याला पाणी घेऊन जाईन.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)